तहानलेली खाट

भरदुपारी वॉर्डात ही गर्दी! नातेवाईक, झाडणाऱ्या मावशी, शिकाऊ नर्स, सगळे कोपऱ्यातल्या खाटेवरच्या सलाईनकडे डोळे फाडून बघत होते. आठ तास पुरणारी बाटली या खाटेवर तीन तासांत संपायची आणि पेशंटला धाप लागायची. गेल्या महिन्यात याच खाटेवर एक बाई गेली होती. तहानलेली गेली, तीच येऊन पिते म्हणे!

"सोड बाटली! हो मागं!" आजींच्या घरच्यांनी आणलेला मांत्रिक बाबा गरजला आणि त्यानं मंतरलेला दोरा नळीला करकचून बांधला. थेंब मंदावले. थोड्या वेळानं खाटेवरच्या पेशंट आजींची धाप खरंच कमी झाली. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

"आता ही बाटली काढा, म्हातारीला माझ्याकडं आणा," बाबानं फर्मान सोडलं. आजींची सून पिशवी भरायला लागली.

"अहो, त्या बाटलीतच औषध आहे! ते थांबलं तर आजी हाती लागायच्या नाहीत," मी म्हणाले. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, भुतांशी माझं जमत नाही.

"मॅडम, तीच सगळं पिते, तर औषध पोचतं कुठं?" सून रडकुंडीला आली होती.

मी शिकाऊ पोरीला विचारलं, "मिनिटाला थेंब किती लावलेस?"

"साठ. तासाला साठ मिली द्यायचंय ना? तासाला जितके मिली, मिनिटाला तितके थेंब."

हे वाक्य आमच्या पोरी झोपेतही म्हणतील. पण ते बारीक थेंबाच्या सेटला, म्हणजे लहान थेंब पाडणाऱ्या सलाईनच्या नळीलाच लागू पडतं. या खाटेजवळचं कपाट पूर्वी लहान मुलांच्या वॉर्डातलं होतं. डब्यावर चिठ्ठी अजून 'बारीक थेंब' अशीच, आत मात्र मोठ्या थेंबाचे सेट! मी त्यातलाच एक नवा सेट दुसऱ्या बाटलीला जोडला, खाली सिरिंज धरली आणि सुनेला थेंब मोजायला लावले.

विसाव्या थेंबाला एक मिली भरलं.

"बारीक थेंब साठ लागले असते. म्हणजे आजींना तिप्पट पाणी जात होतं. कमजोर हृदयाला ते झेपेना, छातीत साचलं, म्हणून धाप. बाबांनी नळी आवळली, धाप उतरली. मंत्र कसला डोंबलाचा!"

"जिथं श्रद्धा नाही, तिथं..." म्हणत बाबानं काढता पाय घेतला. मी दोरा कापला, मिनिटाला वीस थेंब लावले. डॉक्टरांनी पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं. आजींना शांत झोप लागली.

गर्दी पांगली. सून हळूच म्हणाली, "मग ती बाई..?"

शिकाऊ पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिचा हात धरला, पण खोटा धीर देववेना.

म्हणून सांगते, बाबांनो, पाठ केलेल्या वाक्यावर विसंबू नका. सेटचं पाकीट वाचा, थेंब मोजा, आणि नवल दिसलं की हात जोडण्याआधी 'का' म्हणून विचारा. आम्ही महिनाभर विचारलं नाही. महिनाभर त्या बाईला तहानलेली म्हणत राहिलो, आणि ती बिचारी पाण्यानंच गेली होती.