एकतिसावी ओळ

छापखान्यात तेहतीस वर्षं मी मुद्रितशोधक होते. छापलेला मजकूर मूळ प्रतीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचा, हे काम. आमच्या खोलीत एकच नियम होता. प्रतीतलं काही चुकीचं वाटलं, तरी आपण ते दुरुस्त करायचं नाही. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं आणि ज्याचं त्याला विचारायचं. एका शहाण्यानं औषधांच्या पुस्तकातला एक दशांशचिन्हाचा ठिपका शाईचा डाग समजून परस्पर उडवला होता. अख्खी आवृत्ती रद्दीत गेली, आणि तिच्या पाठोपाठ तोही.

हा नियम मी बाहेर सगळ्यांना ऐकवत असे. घरात मात्र आठ महिने तो रोज मोडत होते.

माझे यजमान कॉलेजात जुनं इंग्रजी शिकवायचे. गल्लीत सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, चिडले की मीही म्हणते. सहाशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी, ज्यात आज वर्णमालेत नसलेली अक्षरंही आहेत, ते हा माणूस दाढी करता करता म्हणायचा. पण आठ महिन्यांपूर्वी त्यांनी घरात येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे सरकवायला सुरुवात केली. “तू बघ गं, माझा चष्मा सापडत नाहीये.” चष्मा नाकावर. काखेत कळसा म्हणतात ते अगदी समोर बसून पाहिलं मी, आणि हसून सोडून दिलं. मग गॅसवर दूध ठेवून ते फिरायला गेले. मग फोनवर बोलताना थांबून माझ्याकडे पाहू लागले, आणि मी त्यांचं वाक्य पुरं करू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलगा परगावी, त्याला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगितलं नाही. खुद्द ह्यांनाही कधी विचारलं नाही.

त्याच सुमारास माझ्या भाचीचा प्रबंध शेवटाला आला होता. आजच्या वाचकाला जुनं इंग्रजी कुठवर समजतं, हा तिचा विषय. तिनं सहा पानं तयार केली होती. पहिलं आजचं, इमारतीत नवे पाण्याचे मीटर बसणार असल्याची साधी नोटीस. दुसरं शंभर वर्षांपूर्वीचं, मग दोनशे, चारशे, पाचशे आणि सहावं सहाशे वर्षांपूर्वीचं. माणसानं एक पान वाचायचं, पालथं घालायचं, आणि काय समजलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. शिवाय खाली एका चौकोनात, आपल्याला किती कळलं याची खात्री दहापैकी किती, तो आकडा टाकायचा. नर्स, ड्रायव्हर, वकील, शिंपी, असे चाळीस जण तिला हवे होते.

“काकांना बसवूया?” तिनं विचारलं. “आणि तू?”

“मी नाही. मी अक्षरं वाचते, अर्थ वाचायची सवय राहिली नाही,” मी म्हटलं.

ह्यांना बसू दिलं ते मात्र मुद्दाम. उत्तम गुण पडतील आणि माझा जीव भांड्यात पडेल, एवढाच माझा हिशेब.

लायब्ररीच्या मागच्या खोलीत ते पावणेदोन तास बसले होते. मी बाहेरच्या बाकावर. दाराच्या काचेतून पाठ दिसत होती. सुरुवातीला बराच वेळ ते नुसते बसून होते. पेन हातात, कागद समोर. मग हळूहळू मान डुलू लागली आणि शेवटी तर चक्क त्यांचा वर्गातला आवाज बाहेर ऐकू आला. भाची आतून हसत आली. “काका मोठ्यानं वाचतायत. चालतं ते, उलट मी सगळ्यांना सांगते. जुन्या इंग्रजीचं लिहिणं डोळ्यांना परकं वाटतं, पण कानावर पडलं की अर्धं तरी ओळखू येतं.”

घरी येताना मी विचारलं, “कसं झालं?”

“जुनं झकास,” ते म्हणाले.

उत्तरं तपासली दोन बाहेरच्या परीक्षकांनी, आणि त्यांनी दिलेले गुण यादीत भरले ऑफिसातल्या एका मुलीनं. महिन्याभरानं भाचीनं छापायला देण्याआधी सगळे तक्ते माझ्याकडे आणून टाकले. “मावशी, तुझ्यासारखा डोळा नाही कोणाचा. ताडून दे ना.” सोबत ती यादी आणि एक खोकं, त्यात परत आलेल्या उत्तरपत्रिका. जेवणाच्या टेबलावरचं सगळं हलवून मी कामाला बसले. हे आत झोपले होते.

तक्ता मोठा गमतीचा होता. नोटिशीत बहुतेक सगळ्यांना नऊ किंवा दहा, आणि मग पान जितकं जुनं तितके गुण खाली. त्यात काही आश्चर्य नाही. गंमत होती ती खात्रीच्या आकड्यात. सहाशे वर्षांपूर्वीच्या पानाखाली लोक इमानदारीनं एक नाहीतर दोन लिहीत होते, कारण आपल्याला काही कळत नाही हे त्यांना कळत होतं. फसले ते दोनशे आणि चारशे वर्षांच्या पानांवर. तिथला शब्द न् शब्द ओळखीचा दिसतो, त्यामुळे खात्री नऊ आणि गुण चार. ओळखीच्या चेहऱ्यामागे काय बदललंय ते बघायला कोणी थांबतच नाही. त्यांना हसता हसता मी आतल्या दाराकडे पाहिलं.

एकतिसाव्या ओळीपाशी पेन्सिल थांबली. एकतीस हा ह्यांचा नंबर; तो लिहिलेलं चाचणीचं कार्ड आमच्या फ्रिजवर महिनाभर चिकटवलेलं होतं. छापलेल्या तक्त्यात त्या ओळीत होतं: नऊ, नऊ, आठ, सहा, चार, दोन. मुलीनं भरलेल्या यादीत मात्र होतं: दोन, चार, सहा, आठ, नऊ, नऊ.

मी भाचीला फोन लावला.

“अगं हो, ती ओळ ना,” ती म्हणाली. “ऑफिसातल्या मुलीनं उलटी भरली होती. खात्रीचे आकडेसुद्धा. मी सरळ केली.”

“उलटी कशावरून?”

“मावशी, जुन्यात काकांना नऊ पडले असते तर मी मान्य केलं असतं, त्यांचा विषयच आहे. पण पाण्याच्या मीटरच्या नोटिशीत दोन? काकांना? असं होतं का कधी! एकोणचाळीस ओळी उतरत जातात आणि एकच चढते, म्हणजे भरतानाच चुकलं.”

“पत्रिका बघितलीस का?”

“प्रत्येकाच्या सहा म्हणजे दोनशे चाळीस आहेत गं. आणि उद्या दुपारी छापायला द्यायचंय. राहू दे ना तशीच, छान दिसतायत काका.”

खोटं कशाला बोलू, सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं मला. आजचं इंग्रजी: नऊ. छापील पुरावा, तोही विद्यापीठाचा. मी फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. हा कागद मी मुलाला दाखवला असता, स्वतःला रोज दाखवला असता. आणि प्रबंध कोण वाचतं? चार परीक्षक आणि वाळवी.

“ठेव फोन, सांगते,” मी म्हटलं आणि खोक्यातून एकतीस नंबरचा गठ्ठा काढला.

सहाव्या पानाचं उत्तर दोन्ही बाजूंनी भरलेलं, वर आणखी समासात टीप. पाचव्याचं तसंच. मागे मागे येत गेले तसं लिहिणं आखूड होत गेलं. सगळ्यात खाली नोटिशीची पत्रिका. अक्षर नेहमीसारखं सुरेख. पाणी, मीटर आणि कोणीतरी येणार असल्याचं पहिल्या वाक्यात होतं. त्याखाली तीन ओळी खोडलेल्या. आणि मग इंग्रजीतच, स्वच्छ: ‘कधी आणि कशाला, हे वाचलं, पण राहिलं नाही. असले कागद हल्ली माझी बायको वाचते. तिला अजून सांगितलेलं नाही.’

खाली खात्रीचा चौकोन. त्यात दोन.

मी पुन्हा यादी पाहिली. गुण दोन. सहाही पानांवर त्यांनी टाकलेला आकडा आणि परीक्षकांनी दिलेला आकडा एकच होता. चाळीस जणांत स्वतःला अचूक ओळखणारा एवढा एकच माणूस, आणि आम्ही दोघी बायका त्यालाच दुरुस्त करायला निघालो होतो. भाचीनं एकदा केलं, मी आठ महिने. मला रडू आलं, आणि रागही आला, तो सगळा माझाच मला.

डोळे पुसून मी छापील ओळीतले गुणांचे आणि खात्रीचे सगळे आकडे खोडले, वर मूळचे लिहिले आणि फोन लावला.

“ओळ उलटी नव्हती,” मी म्हटलं. “आहे तशी छाप. पहिल्या पत्रिकेचा फोटो पाठवते, तो मात्र फक्त तू बघ.”

तिनं फोटो उघडून वाचला. मग ती म्हणाली, “मावशी, मी येऊ का?”

“उद्या छपाईचं उरकून ये. घाई नाही.”

आतून ह्यांच्या चपलांचा आवाज आला. टेबलभर पसारा पाहून ते दारातच थांबले. गठ्ठ्यावरचा एकतीस आकडा त्यांनी ओळखला.

“किती पडले पहिल्यात?”

“दोन.”

“मी पण दोनच लिहिले होते.”

“पाहिलं,” मी म्हटलं. “बाकीचंही वाचलं.”

ते समोरच्या खुर्चीत बसले. एवढ्या मोठ्या माणसाचे कान लाल झाले होते, परीक्षेत पकडलेल्या पोरासारखे. “तुला सांगणार होतो. तू इतकी धडपडत होतीस माझं सगळं सावरायला, म्हटलं हिला कशाला कळू द्यावं की मला कळतंय.”

“सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. दोघांनी.”

“हो.” त्यांनी पेपरवेटखालचा कागद ओढला. वीजकंपनीची नोटीस, चार दिवस तशीच पडलेली. सवयीनं त्यांनी ती माझ्याकडे सरकवली, पण मी हात लावायच्या आत परत स्वतःकडे घेतली आणि आमच्या दोघांच्या मधोमध ठेवली.

“मनात वाचून मला कामाचं तेवढं सांगू नकोस,” ते म्हणाले. “मोठ्यानं वाच. कानावर पडलं की अर्धं तरी ओळखू येतं.”

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून, तारखेसकट, मोठ्यानं वाचायला लागले.