गडाच्या गाडीतला टर्बो

मी टर्बो बोलतोय. गाडीच्या पाठीवर माझं नाव ठळक अक्षरांत लिहितात, पण मला पाहिलंय कोणी? मी बॉनेटच्या आत, इंजिनाला बिलगून बसलेला असतो. दिसायला गोगलगायीसारखा, कामाला मात्र अगदी उलट. इंजिनातून निघणारा गरम धूर माझं एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात भरतं. हवा भरपूर मिळाली की डिझेल नीट जळतं आणि चढावर गाडीला जोर येतो.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. माझे पहिले मालक पिंपळगाव बसवंतचे द्राक्षांचे व्यापारी, यादवशेठ. त्यांना कसली घाई नसे. सपाट रस्त्यावर ते फोनवर बोलत आणि मी पेंगत असे. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि आमची गाडी पुंजाकडे आली.

पुंजा पेठकडच्या एका पाड्यावरचा. भातकापणी झाली की तो आणि त्याची बायको कुसाबाई द्राक्षबागांत मजुरीला जायचे. मुलगी सृष्टीही बरोबर, म्हणजे तिची शाळा दर हिवाळ्यात तुटायची. गाडी घेतल्यावर पुंजा गडाच्या पायथ्याशी नांदुरीत खोली करून राहिला आणि भाविकांना सप्तशृंगी गडावर नेऊ लागला. त्या वर्षी सृष्टी पहिल्यांदाच एका वर्गात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसली.

कुसाबाई मागच्या दाराशी उभी राहून हाका मारायची, "चला गडावर! आजी, पिशवी मांडीव घ्या. ओ दादा, जरा सरका की, देवीनं जागा सगळ्यांना दिलीय."

मग घाट. वळणामागून वळण मी जीव खाऊन फिरायचो, तापून लाल व्हायचो. वर पोहोचताच पुंजा झटकन चावी बंद करी आणि हात जोडी. "आईच्या दारात घरघर नको," असं तो म्हणे. स्टँडवरचे सगळेच तसं करत. त्याच क्षणी मला गार ठेवणारं तेल थांबायचं आणि मी तापलेलाच तडफडायचो. पण इंजिनाचा आवाज हाच माझा आवाज. तो बंद झाल्यावर सांगणार कसं?

एका हिवाळ्यात घाटातच गाडीचा जोर गेला. मागून काळा धूर निघाला आणि माणसं उतरून चालू लागली.

"पुंजा, बैल जोड की रं गाडीला!" मागून आलेला स्टँडवरचा गाडीवाला वाल्मीक हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "तुझा टर्बो गेला. नवा काय परवडायचा नाय. विकून मोकळा हो."

कुसाबाईनं ते ऐकलं. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "गाडी गेली तं परत बागा?"

पुंजानं गाडी हळू केली.

"सृष्टी सातवीत हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी गाडी वणीला सावळीराम मिस्त्रीकडे नेली. त्यानं इंजिन चालू करून रेस दिली. "धूर कसला येतो? निळा की काळा?"

"धूर तो धूर," पुंजा म्हणाला.

"काळा," कुसाबाई म्हणाली. "चुलीवरच्या भगोण्याच्या बुडासारखा."

"मग इंजिनातलं तेल जळत नाही, हवा कमी पडते. पण इथं तर गाडी ठीक वाटते."

"इथं चढ कुठंय, दादा? अन् वजन तरी कुठंय?"

सावळीरामला ते पटलं. त्या दिवशी वणीचा आठवडे बाजार होता. कुसाबाईनं नांदुरीकडच्या बायकांना हाक दिली, "चला, फुकट सोडते! पण आधी घाटात एक चक्कर." बायका भाज्यांच्या पिशव्यांसकट दाटीवाटीनं बसल्या. सावळीराम खिडकीबाहेर कान काढून बसला.

"गाडीची नाडी बघतोय का गं ह्यो?" एकीनं विचारलं आणि सगळ्या खिदळल्या.

"जरा गप बसा, माय!" सावळीराम ओरडला. पहिल्याच चढावर ऐकू आलं, फुस्स्स!

त्यानं बॉनेट उघडून माझ्यापासून निघालेल्या रबरी पायपाखालून हात फिरवला. पाइप आवळणाऱ्या पट्टीच्या आड एक चीर लपली होती. चढावर मी जोरात हवा भरली की ती तोंड उघडायची. "टर्बो गेलेला नाही," तो म्हणाला. "त्यानं भरलेली हवा इथून पळते."

मला तर ओरडून हसावंसं वाटलं!

गॅरेजमध्ये पाइप बदलताना त्यानं माझं चक्र बोटानं फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं. "पाती कुठं घासत नाहीत. पण तेलाच्या नळीत काजळी धरलीय. असंच चाललं तर हा खरंच जाईल. गडावर पोहोचल्यावर काय करतोस?"

"चावी बंद. मग हात जोडतो."

"तिथंच चुकतंय. हा तापलेला असतो. तेल फिरत राहिलं तर निवतो, नाहीतर तेल आतच करपतं. थोडा वेळ इंजिन चालू ठेव."

पुंजा कानकोंडा झाला. "देवीपुढं? नाय जमायचं."

कुसाबाई म्हणाली, "एखादी म्हातारी पायऱ्या चढून येते, तव्हा आधी टेकते. धाप निवली का मग दर्शन घेते. देवी कधी रागावली का तिला?"

पुंजानं माझ्याकडे बघत होकारार्थी मान हलवली.

त्या हिवाळ्यात मुकादम मजूर न्यायला आला, तेव्हा कुसाबाईनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "यंदा नाय. गाडीला काम हाय."

आता सृष्टी नववीत आहे. माझी पाती थोडी झिजलीत, अंगावर तांबूस गंज चढलाय, पण घाट अजून चढतो. माझे भाऊबंद तुमच्याही गाडीत असतील. कुठलाही चढ चढून आलात की त्यांना जरा दम खाऊ द्या, एवढंच मागणं.

गडावर पोहोचलो की इंजिन चालू असतानाच पुंजा हात जोडतो. वाल्मीक चिडवतो, "देवीला घरघर ऐकवतो का रं?"

"टर्बोला धाप लागलीय. थांब की."

कुसाबाई एकेका भाविकाला हात देऊन खाली उतरवते. तोवर माझा वेग उतरतो आणि अंगातली आग निवत जाते. मग पुंजा हलकेच चावी फिरवतो.