काचपेटीतलं पाणगवत

ठाण्याला आगगाडी येऊन तीस वर्षं होऊन गेली, तिची नवलाई सरली; पण महिपतरावांच्या ओटीवरची काचपेटी बघायला माणसं पार घोडबंदरच्या वाटेवरून चालत येत. एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात महिपतरावांनी ती उचलली होती. लोखंडी चौकट, चारी अंगांना जाड काच, तळाला चिखल आणि वर वाळूचा थर. त्यात पट्टीसारख्या लांब पानांचं पाणगवत, आणि गवतातून फिरणारे बोटभर मासे. पेन्शनीत निघालेले महिपतराव दुपारी खुर्ची टाकून पेटीसमोर बसले, की दारातून गोदूबाईंचा आवाज येई, "लग्न झाल्यापासून आमच्याकडे कधी इतकं बघितलं नाहीत!"

पेटी सांभाळायला तुळसा होती. कळव्याच्या मिठागरावरची सून. नवरा नाथा अजून तिथेच मीठ ओढत होता. पौषापर्यंत तीही ओढायची, लहानग्या शकूला बांधावर फडक्याच्या सावलीत निजवून. खाऱ्या वाऱ्यानं पोरीच्या अंगभर पुळ्या उठल्या, मिठाच्या पांढऱ्या झळाळीनं डोळे चिकटून जाऊ लागले. या ओटीवर आल्यापासून पुळ्या वाळल्या, डोळे टपोरे झाले. खांबाला झोळी, झोळीत शकू, आणि हाताच्या अंतरावर पेटी. तुळसाला मिळणारे पैसे परस्पर नाथाच्या हातात जात. तिचं खरं वेतन म्हणजे ही सावली. काम सुटलं असतं तर पोर पुन्हा बांधावर.

चैत्र सरता सरता पाणगवत पिवळं पडायला लागलं. तुळसानं एक पान बोटांवर घेऊन बघितलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, हे उपाशी आहे. भाताच्या रोपाला जे देतात तेच याला द्यायचं. शकू झोपेत असताना तिनं सुक्या मासळीचा चुरा आणि शेणीची राख मूठभर पाण्यावर भुरभुरली. "खा गो बाय, खा," लेकीला म्हणावं तसं म्हणाली. दोन दिवसांनी आणखी एक मूठ. विचारलं कुणालाच नाही. पाणी आणि खत, यात तिला कोण शिकवणार?

पाचव्या दिवशी पाणी मुगाच्या कढणासारखं झालं. काचेवर शेवाळाची मखमल चढली, पानापानाला हिरव्या जटा लोंबू लागल्या. सकाळी मासे वर येऊन तोंडं वासू लागले.

महिपतरावांनी खुर्ची टाकली, आत बघितलं, आणि खुर्ची परत उचलली. "तुळसा, वैशाखी पौर्णिमेला कल्याणचे व्याही येताहेत, खास ही पेटी बघायला. तोवर पाणी नितळलं नाही, तर पेटी रिकामी करून विकून टाकीन. मग तुला तरी इथे काय काम?"

पौर्णिमेला पंधरा दिवस होते.

माळी धाकू कुदळीवर रेलून ऐकत होता. महिपतराव आत गेल्यावर म्हणाला, "चुना टाक गो. एका दिवसात पानी आरशावानी."

"आन मासं?"

"मेलं तर कालवन कर. मलापन वाटीभर ठेव."

"तुझ्या जिभेलाच चुना लावते थांब, धाकूबा!"

चुना नाही, पण हात मात्र तिनं लगेच घातला. शेवाळ तिला नवं नव्हतं. मिठागरात पाणी साचून राहिलं की तिथेही ते धरायचं आणि त्याला शिव्या देऊन ते कधी गेलं नव्हतं. काथ्याच्या बोचक्यानं तिनं काचा घासल्या. पानांच्या जटा बोटांनी विंचरून काढल्या, शकूचं जावळ विंचरायची तितक्याच हलक्या हातानं. पश्चिमेचं ऊन थेट पेटीवर यायचं, तिकडे ओलं गोणपाट टांगलं. रोज चार घागरी हिरवं पाणी काढून झाडांना घातलं, आणि विहिरीचं चार घागरी ताजं पेटीत ओतलं. खत तर बंदच. हे सगळं पोरीच्या झोपेत उरकायचं. झोळी हलली की हात पुसून धावायचं, पुन्हा निजली की पुन्हा काथ्या.

सहाव्या दिवशी पाणी बरंच उजळलं. मासे खाली राहू लागले. पण गवत आणखी पिवळं! पानांची टोकं विरघळून चालली होती, आणि त्या मेल्या पानांवर शेवाळ पुन्हा हौसेनं चढत होतं. तुळसा पेटीसमोर बसून राहिली. पोटभर खाऊनही हे वाळतंय कसं?

आतून गोदूबाई कडाडल्या, "तुळसे, इकडे ये आणि ही डाळ बघ! सकाळपासून चुलीवर आहे, दाणा न् दाणा शाबूत!"

"डाळ जुनी असंल, बाई."

"डाळ कसली जुनी? पाणी मेलं तसलं. तलावाचं पाणी आणणारी सखुबाई महिन्यापूर्वी लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हापासून सगळं विहिरीचंच चाललंय. चैत्र लागला की ही विहीर मचूळ होते."

"मचूळ? मी रोज पिते की. गोड हाय."

"तुझ्या जिभेला! मिठागरावरच्या माणसाला खाडी सोडून सगळंच गोड!"

तुळसा खळखळून हसली, आणि हसता हसता थांबली.

तिचा सासरा मिठागराच्या कोंडीतलं पाणी जिभेवर धरून सांगायचा, मीठ अमुक दिवशी बसेल. तिलाही तेच येत होतं. विहिरीच्या पाण्याला ती जीभ तिनं कधी लावलीच नव्हती. तहान लागली की ढोसायचं, संपलं. ती शकूला काखेत मारून तलावावर गेली. ओंजळीतलं पाणी तोंडात धरलं, गिळलं. परत येऊन विहिरीचं घेतलं. डोळे मिटून धरून ठेवलं. होतं! जिभेच्या मुळाशी, अगदी बारीक, पण होतं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, आणि खाडी जमिनीखालून हळूच हात घालत होती.

म्हणजे गवत उपाशी नव्हतंच. खारं पाणी त्याला जाळत होतं, आणि आजारी गवताला खाता येईना म्हणून ते सगळं ताट शेवाळानं चाटून पुसून खाल्लं. वर शेवाळ घालवायला म्हणून ती रोज आणखी चार घागरी खारं ओतत होती. लेकरू रडलं की ते भुकेलंच असतं असं नाही, हे शकूनं तिला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. गवताला रडता येत नाही, म्हणून हिनं नुसतं भरवत सुटावं?

दुसऱ्या दिवसापासून पहाटे दोन आणि दिवस कलताना दोन, अशा घागरी तलावावरून येऊ लागल्या. डोक्यावर घागर, कडेवर शकू. धाकू म्हणायचा, "दाराशी विहीर असून तलावावर? माशांना काय सोवळ्यातलं पानी लागतंय?"

"व्हय, बामन हायेत ते," तुळसा न थांबता म्हणायची.

आठ दिवस. पौर्णिमेच्या सकाळी महिपतरावांनी खुर्ची टाकली. पाणी असं नितळ, की तळातला वाळूचा खडा मोजावा. मागच्या काचेवर तेवढं शेवाळ होतं. ते तुळसानं मुद्दाम ठेवलं होतं, मासे त्याला टुचटुच तोंड लावत होते. जुनी पानं तिनं खुडून टाकली होती, आणि गवताच्या बुडातून पोपटी कोंब वर आले होते.

"चांगलं झालं," महिपतराव म्हणाले. "पण बिघडलं कशानं? ते कळल्याशिवाय मी पेटी ठेवणार नाही. उद्या पुन्हा झालं तर?"

धाकूची कुदळ थांबली. तुळसानं झोळीला एक झोका दिला.

"मी बिघडवलं, साहेब. गवत पिवळं दिसलं म्हनून मासळीचा चुरा नि राख टाकली. दोन येळा. त्याला भूक नव्हती, तुमच्या विहिरीचं पानी खारट झालंय."

"अगं बाई!" गोदूबाईंनी कपाळाला हात लावला.

महिपतरावांनी दोन पेले मागवले, एक तलावाचा, एक विहिरीचा. दोन्ही प्यायले. पुन्हा प्यायले. "मला तर दोन्ही सारखीच लागतात."

"तुम्हाला कच्ची डाळसुद्धा कळली नाही," गोदूबाई म्हणाल्या. "ती म्हणते ते खरं आहे."

महिपतराव कोंबांकडे वाकले. "म्हणजे याला खत कधी द्यायचंच नाही?"

"द्यायचं की. वाढाया लागलं की लागंल. पन पानी हिरवं करून नाय. चिखलाची पारी करायची, आत चिमूटभर सारन भरायचं, मोदकावानी मिटायचं, नि मुळाशी बोटानं खोल दाबायचं. ज्याचं त्यालाच पोचतं. शेवाळाला वासपन लागत नाय."

"बरं. पेटी राहिली, तूही राहा. मात्र यापुढे पाण्यात काही टाकायचं तर मला विचारून."

"व्हय. आन तुमी काय टाकनार असाल, तर मला इचारून."

गोदूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. महिपतरावांनी घसा खाकरला आणि मान डोलावली.

"आनखी एक, साहेब," तुळसा म्हणाली. "उद्यापास्नं तलावाचं पानी धाकूबा आनंल. माझ्या कडंवर पोर असते."