रक्त साफ निघेपर्यंत

मला राग आला की मी आधी खाऊन घेते. उपाशीपोटी भांडण नीट होत नाही. म्हणून राळेगावच्या बाजारात उकंडानं खाली मान घालून सांगितलं, "सत्यशीला, मले गरमीचा रोग झाला," तेव्हा मी हातातली भजी संपवली आणि मग विचारलं, "कुठून आणला?"

उकंडा कापसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. आमची सोयरीक ठरली होती, बुद्धपौर्णिमेला लग्न होतं. बोलणी व्हायच्या आधी, नागपूरला गाठी उतरवून तो नको त्या गल्लीत गेला होता. आता अंगावर चट्टे उठले होते.

"माहा काका म्हणते, लग्न झालं का हा रोग जाते," तो म्हणाला.

"जाते ना. माह्या अंगात जाते!"

रडू येत होतं, खोटं कशाला सांगू? पण माणूस मला आवडत होता, आणि त्यानं माझ्यापासून लपवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं त्याला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "ही कोण?"

"बहीण," उकंडा पुटपुटला.

"होणारी बायको आहो जी," मी म्हणाले. "आमी दोघांनं एकच ऊस खाल्ला, त्याच्या पुढं काही नाही. मले झाला असन काय?"

डॉक्टर हसले. उसानं होत नाही म्हणाले, तरी माझंही रक्त तपासलं. ते साफ निघालं. उकंडाला पेनिसिलिनच्या सुया सुरू झाल्या. चट्टे गेले म्हणजे रोग गेला असं समजायचं नाही, रक्त पुन्हा तपासायचं आणि तोवर लग्न नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

आता हे घरी सांगायचं कुणी? परतताना मी उकंडाला म्हणाले, "थे तुयं काम आहे. मी सांगणार नाही, आन् खोटंही बोलणार नाही."

आमच्या ओसरीत बैठक बसली. मी तारीख पुढं ढकला म्हणाले, कारण सांगितलं नाही. उकंडाचे वडील डोमाजी तापले. "काहून? चार गावात सांगून झालं! पोरगी तारीख बदलवते म्हणजे पोरीतच काही खोट आहे!"

माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. मी मात्र उकंडाकडे पाहत राहिले. तो आता गप्प बसला असता तर त्याला मी तिथल्या तिथं सोडलं असतं, सुया गेल्या खड्ड्यात.

मग तो उठून उभा राहिला. "बाबा, तिच्यात नाही, माह्यात खोट आहे. मले गरमी झाली. सुया घेऊन राह्यलो. हीच मले दवाखान्यात घेऊन गेलती."

डोमाजींनी डोक्याचा दुपट्टा काढला, मांडीवर ठेवला, घडी घातली, पुन्हा मोडली. त्यांना एवढं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, रक्त साफ निघालंच नाही तं?"

"तं पुन्हा सुया, मामाजी, आन् पुन्हा तपासणी," मी म्हणाले. "मी काय कुठं पळून चालली?"