बत्तीसचे पस्तीस

रविवारची सकाळ. सात वाजायचे होते आणि कुरुदच्या मोकळ्या मैदानावर स्कूटर उभी करायला जागा उरली नव्हती. सत्तर-ऐंशी माणसं, बहुतेक पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेली, काही नाइट शिफ्ट संपवून थेट आलेली, एका हिरव्या जाळीकडे तोंड करून उभी होती. जाळीसमोर शिबिर घेणारे राजदीपजी. पांढरा टी-शर्ट, पांढरे बूट, गालाशी माइक. शेजारी टीव्हीचा मोठा पडदा आणि जमिनीवर विटेएवढा काळा डबा. गोल्फची स्टिक घ्यायची, जाळीत बॉल मारायचा. डबा बॉलचा वेग पकडतो आणि जाळी नसती तर बॉल कुठवर गेला असता तो आकडा पडद्यावर दाखवतो. डबा खरा होता बरं का. चांगले चांगले खेळाडू असले डबे वापरून आपला स्विंग, म्हणजे स्टिक फिरवायची ढब, सुधारतात. चमत्कार त्याच्या पुढचा होता.

केवलराम नावाचे एक रिटायर्ड फोरमन पुढे आले. मारला. पडद्यावर ९६. राजदीपजींनी डोळे मिटले, एका हातानं मोबाइल छातीशी धरला, दुसऱ्यानं केवलरामांच्या मनगटात एक करडं कडं चढवलं आणि म्हणाले, "अब शरीर नहीं, ऊर्जा मारेगी." केवलरामांनी पुन्हा मारला. १०५. मैदान टाळ्यांनी दणाणलं. दोघातिघांनी तर डब्याला हात लावून तो कपाळाला लावला.

राजदीपजींची जीभ मोठी हुशार. समोरचा माणूस बघून ती कपडे बदलायची. हनुमानभक्ताला सांगायचे, कडं मंतरलेलं आहे. इंजिनियरला सांगायचे, फ्रीक्वेन्सीवर ट्यून केलेलं आहे. बुद्धविहारातला कुणी आला, की यात देव नाही, दैव नाही, शुद्ध विज्ञान आहे. शिवाय ज्याच्या खांद्यात जोर आला त्याच्या नसा मोकळ्या झाल्या, आणि नसा मोकळ्या झाल्या की शुगर-बीपी आपोआप पळालं, हे सगळ्यांना सारखंच.

गर्दीच्या मागे, लिंबाच्या बुंध्याशी, शेषराव उभे होते. एकटेच.

आता प्लांटमधल्या माणसांना गोल्फचा नाद कुठून, असं कुणी विचारेल. एक म्हातारे साहेब बदलून जाताना आपल्या जुन्या स्टिका सोडून गेले होते. शेषराव इन्स्ट्रुमेंट शॉपचे, म्हणजे मापाचे काटे दुरुस्त करणारे, आणि त्यांचे दोस्त भाऊराव क्रेनवर. दोघांनी सेक्टरमागच्या पडीक जागेत नऊ खड्डे खणले, त्यात कापलेल्या पाइपाचे तुकडे बसवले आणि रोज सकाळी खेळायला लागले. अठरा वर्षं. मध्ये रिटायरमेंट आली, शेषरावांची बायको कमला गेली, मुलगी साक्षी बंगलोरला गेली आणि फोनवर हिंदीत बोलायला लागली. शेजारी छत्तीसगढी, दूधवाला हिंदी, डॉक्टर हिंदी. दिवसभरात शेषरावांशी मराठी बोलणारं माणूस एकच उरलं, ते भाऊराव. त्या दोन तासांवर शेषरावांचा दिवस चालायचा, हे त्यांनी भाऊरावांना कधी सांगितलं नाही. असलं कोण सांगतं?

दोन महिन्यांपूर्वी भाऊराव मनगटात कडं घालून आले. डोळ्यांत नुसता आनंद. राजदीपजींनी त्यांचा स्विंग मोबाइलवर उतरवला होता, सावकाश फिरवून दाखवला होता, मागचा गुडघा वळतो हे सांगितलं होतं, आणि वर "दादा, इस उमर में ऐसी लचक!" म्हणाले होते. शेषराव पोट धरून हसले. "बाप्पा! छप्पनसाली दीक्षा घेऊन आपल्या बापायनं गंडेदोरे काढून फेकले, अन् तू आता मनगटात कडी अडकवून आला?" भाऊराव स्टिक उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते पडीक मैदानावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

आठ-दहा दिवस शेषराव एकटेच नऊ खड्डे फिरले. एकट्यानं खेळायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. चांगला फटका बसला तर मान आपोआप बाजूला वळते, आणि बाजूला कुणी नसतं. मग त्यांनी जाणंच सोडलं.

कौशल्याबाई, भाऊरावांची बायको, विहारात वंदना संपल्यावर चपला घालता घालता त्यांच्याशी बोलल्या. "भाऊजी, यायनं बीपीची गोळी बंद केली. महिना झाला. डोकं धरून बसते अन् म्हन्ते, नसा मोकळ्या होऊन राहिल्या. तुमचं तरी ऐकन का ते?" भाऊरावांचा मोठा भाऊ बीपीनंच गेला होता, क्रेनच्या शिडीखाली, पन्नाशीत.

शेषराव तसेच भाऊरावांच्या घरी गेले. भाऊरावांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मीटर खोटं बोलते का शेषराव? तूच म्हनत होता ना जन्मभर, माणूस खोटं बोलते, मीटर नाई." शेषराव खरंच असं म्हणत आले होते. आणि ही एकट्या भाऊरावांची गोष्ट नव्हती. ही सगळी माणसं लोखंड वितळवून जगलेली. भट्टीत डोकावून बघता येत नाही. काटा सांगेल तेच खरं, काट्यावर विश्वास ठेवला म्हणून हातपाय शाबूत राहिले. दगडाला हात न जोडणारी माणसं आकड्याला हात जोडत होती, ते उगाच नाही.

मग शेषराव तीन रविवार लिंबाखाली उभे राहिले आणि लिहीत गेले. एक्केचाळीस माणसं. म्हातारी, तरणी, सराईत, पहिल्यांदा स्टिक धरलेली. त्यातली दोघं-तिघंच खाली घसरली. बाकी सगळ्यांचा आकडा वर, कुणाचा थोडा, कुणाचा जास्त. माणसाचा हात असा कधी वागत नाही. निम्म्यांचा तरी दुसरा फटका पहिल्याहून कमी बसतोच. चौतीस वर्षं शेषरावांनी गेज दुरुस्त केले होते. शंभर वस्तू पुन्हा मोजल्या आणि जवळपास सगळ्याच वाढल्या, तर वस्तू वाढलेल्या नसतात. मापाची पट्टी बदललेली असते. पण कशी बदलते, कोण बदलतं, ते दुरून दिसेना.

शॉपमध्ये एक शिरस्ता होता. काम सुरू करण्याआधी मीटर माप ठाऊक असलेल्या एका ठरलेल्या नगावर तपासायचं आणि काम संपल्यावर पुन्हा त्याच नगावर. दोन्ही वेळा आकडा तोच आला तरच मधलं काम खरं. इथं ठरलेला नग कुठून आणायचा? माणूस चालणार नाही. माणूस थकतो, गरम होतो, टाळ्यांनी फुलतो. शेषरावांनी जामुलच्या भंगार बाजारातून अँगल आणले, जुन्या स्कूटरची स्प्रिंग घेतली, बेअरिंगवर एक पाइप बसवला आणि पाइपाच्या टोकाला गोल्फची स्टिक कापून जोडली. खटका ओढला की पाइप फिरायचा आणि बॉलला मारायचा. दर वेळी तसाच, त्याच जोरानं. अंगणात आठ दिवस ठोकठोक चालली. आठ दिवसांत दारावर कुणी आलं नाही, अन् हे काय करून राहिले म्हणून विचारलं नाही.

चौथ्या रविवारी त्यांनी ती लोखंडाची घोडी रिक्षात घालून मैदानावर आणली. हात जोडून राजदीपजींना विनंती केली की आमची जुनी खोड आहे, काम सुरू होण्याआधी आणि झाल्यावर मीटर तपासायचं. रिटायर्ड मंडळींनी माना हलवल्या. सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. राजदीपजी हसले. "अंकल का रोबोट! लगाइए, लगाइए." गर्दी हसली. तिला वाटलं, म्हातारा आज कड्याची परीक्षा घेणार आणि फजीत होणार.

शेषरावांनी तीन वेळा खटका ओढला. पडद्यावर ३२, ३२, ३२.

"आता कोणीतरी एक जण या," शेषराव म्हणाले, आणि गर्दीतून भाऊराव पुढे आले. दुसरं कुणीही चाललं असतं. शेषरावांनी हळूच सांगून बघितलं की तू नको, दुसऱ्याले येऊ दे. पण भाऊराव दोस्ताला सगळ्यांदेखत खोटं पाडायलाच आले होते. विहारातली पंधरा माणसं त्यांच्याच शब्दावर इथं आली होती. त्यांनी कडं काढून राजदीपजींच्या हातात दिलं आणि मारला. १२८. राजदीपजींनी डोळे मिटले, मोबाइल छातीशी धरला, कडं चढवलं. भाऊरावांनी मारला. १४०. टाळ्या, शिट्ट्या. भाऊरावांनी शेषरावांकडे वळून बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते दोस्ताकडे बघून हसले होते.

त्या क्षणी शेषरावांना वाटलं, सोडून द्यावं. घोडी उचलावी, हरलो म्हणावं, आणि उद्या सकाळी भाऊराव पुन्हा बोलायला लागतील. मग त्यांना क्रेनची शिडी आठवली. त्यांनी बॉल ठेवला आणि खटका ओढला.

३५.

पुन्हा ओढला. ३५. तिसऱ्यांदाही ३५.

टाळ्या थांबल्या. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. मैदानात अर्धं प्लांट उभं होतं. पाइपाच्या अंगावर कडं नव्हतं. पाइपाला नसा नव्हत्या, शुगर नव्हती, श्रद्धा नव्हती. तरी पाइप सुधारला होता.

राजदीपजी गडबडले, पण जीभ शाबूत होती. म्हणाले की भाऊरावदादांच्या कड्याची ऊर्जा एवढी जबरदस्त, की मैदानात पसरली, लोहा भी चार्ज हो गया. आणि खोटं कशाला सांगा, गर्दीतल्या पाच-सात जणांनी ह्याच्यावरही मान डोलावली.

शेषराव मात्र तोंडातल्या तोंडात भागाकार करत होते. बत्तीसचे पस्तीस. एकशे अठ्ठावीसचे एकशे चाळीस. एकावर नऊ शतांश आणि वर थोडं. हा आकडा त्यांनी जन्मभर पाहिला होता. ते पडद्याजवळ गेले. आकड्याच्या शेजारी राजदीपजींच्या शिबिराचं गोल सोनेरी स्टिकर होतं. शेषरावांनी ते नखानं सोलून काढलं. खाली दोन बारकी इंग्रजी अक्षरं होती, वाय-डी. यार्ड.

"यार्ड म्हणजे आपला वार," ते गर्दीला म्हणाले. "आधी मीटरनं मोजते, अन् कडं चढवता चढवता मोबाइलवर बटन दाबून वारानं मोजते. मीटर मोठा, वार लहान. जागा तेवढीच, लहान मापानं मोजली की आकडा मोठा. बॉल एक बोटभर बी पुढे गेला नाई. जाळी कावून लावली ते समजलं ना आता? जाळी नसती त बॉल कुठं पडला, जाऊन पाहिलं असतं तुमी."

केवलरामांनी राजदीपजींच्या हातून मोबाइल मागून घेतला, बटण दाबलं. पडद्यावरचे ३५ परत ३२ झाले. पुन्हा दाबलं, ३५. लोक आधी हसले, मग चिडले, मग आपापल्या मनगटाकडे बघायला लागले. अर्ध्या तासात जाळी, पडदा आणि पांढरे बूट गाडीत बसून निघून गेले. म्हणतात, आता दुसऱ्या कुठल्या गावात शिबिर लागतं. लागत असेल.

लोक शेषरावांभोवती गोळा झाले, पाठ थोपटली. शेषराव मान उंच करून भाऊरावांना शोधत होते. भाऊरावांची स्कूटर जागेवर नव्हती.

संध्याकाळी शेषराव भाऊरावांच्या घरी गेले. दार कौशल्याबाईंनी उघडलं. भाऊराव खुर्चीवर बसले होते, मनगट मोकळं. शेषरावांनी सांगितलं की गुडघ्याचं मात्र तो राजदीप खरं बोलला होता. सावकाश फिरवलेल्या व्हिडिओत जे दिसतं ते दिसतंच, आणि तुझा स्विंग आता खरोखर सुधारला आहे.

"हे तू मले अठरा वर्षांत एकदा तरी म्हनला होता का?" भाऊरावांनी विचारलं. "तो म्हनला. खोटारडा होता, पन म्हनला. अन् मी तुले पहिल्यांदा सांगाले आलो त तू हसला. मंग चारचौघात मले खोटं पाडलं."

"चुकलं माझं," शेषराव म्हणाले. "पन गोळी घे."

कौशल्याबाईंनी पाणी आणलं. भाऊरावांनी शेषरावांसमोर गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि आत निघून गेले. ते पुन्हा बाहेर आले नाहीत. चार महिने झाले. बीपी ताब्यात आहे असं कौशल्याबाई सांगतात. पडीक मैदानावर शेषराव अजून एकटेच जातात.

म्हणून सांगणं एवढंच. आकडा दिसला की आधी विचारा, कशानं मोजला. कुणी चमत्कार दाखवला की म्हणा, जाळी काढा. हे शिकायला शाळा लागत नाही, दोन डोळे पुरतात. वंदनेत आपण रोज एहिपस्सिको म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. तर मग जाऊन पाहा. आणि तुमचं माणूस हातात कडं घालून दारात आलं, तर हसू नका. त्याला आत घ्या, बसवा, त्याचं काय दुखतं ते विचारा. बाबा-बुवा दुसरं काय करतात? ते आपल्याआधी विचारतात.