पंख्याभोवतीचं कवच

“दाबू?” सिस्टरनी ड्रायव्हरच्या सीटवरून विचारलं.

वर केलेल्या बॉनेटमुळे त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. पलीकडून मिस्त्रींचा आवाज आला आणि सिस्टरनी स्टार्टरचं बटण दाबलं. इंजिननं अर्धाच हिसका घेतला आणि ते अडकलं. पत्र्यावर ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. मिस्त्री कळवळून ओरडले नाहीत. त्या घाईघाईनं उतरून पुढे गेल्या.

मिस्त्री बंपरला टेकून उभे होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातात असा धरला होता, की जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि सांभाळायला त्यांच्याकडे दिला होता. कोपरापर्यंत रक्त आलं होतं.

“टॉवेल दे,” ते म्हणाले.

सिस्टर हलल्या नाहीत. उभा जन्म त्यांनी सर्जरीच्या वॉर्डात काढला होता. यंत्रात सापडलेले हात, दारात चिरडलेली बोटं, सगळं त्यांनी पुसलं होतं, बांधलं होतं आणि वर नातेवाइकांनाच दटावलं होतं, रडायचं असेल तर बाहेर जा म्हणून. आता त्यांना टॉवेल म्हणजे काय तेच आठवेना. शेजारचा शिंपी दुकानातून धावत आला. शिवायला आलेलं कुणाचं तरी पांढरं कापड त्यानं मिस्त्रींच्या हाताला गुंडाळलं, त्यांना खाली बसवलं, रिक्षा थांबवली. सिस्टर रिक्षात बसल्या तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती.

ती जुनी घरगाडी म्हणजे दोघांच्या निवृत्तीचं वेड. बसएवढं धूड, आत पलंग, शेगडी, पडदे. “लग्नात फिरायला नेलं नाही, आता घरासकट नेतो,” असं मिस्त्री सगळ्यांना सांगत. ते बायकोला सिस्टर म्हणत आणि गल्लीतली माणसं त्यावरून हसत, पण पस्तिशीत पडलेली सवय साठीनंतर कोण मोडणार? गाडी चढाला तापायची. रेडिएटरच्या पंख्याभोवती एक गोल कवच असतं. ते असलं की पंखा सगळी हवा रेडिएटरमधूनच ओढतो. या गाडीचं कवच तडकून अर्धं गळून गेलं होतं आणि इतक्या जुन्या गाडीचं नवीन कुठे मिळणार? मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा नमुना कापला, पत्रा वाकवला, स्वतःच कवच घडवलं. त्या सकाळी ते बसवून झालं होतं. पंखा कुठे घासत नाही ना, एवढंच इंजिन जरासं फिरवून पाहायचं राहिलं होतं.

सिस्टरांनी जिथे नोकरी केली, तेच ते इस्पितळ होतं. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी त्यांना ओळखलं, खुर्ची दिली आणि काय झालं ते विचारलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, की यांनी दाब म्हटलं आणि मी दाबलं. डॉक्टरांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी एक क्षण बायकोकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “मीच म्हटलं. बॅटरीची वायर जोडलेली असताना हात घातला. चूक माझी.”

पहिलं आणि मधलं बोट अर्ध्यावर गेलं.

मिस्त्री घरी आल्यावर शिंपी भेटायला आला. मिस्त्रींचा डोळा लागला होता, म्हणून तो स्वयंपाकघरात सिस्टरांशी बोलत बसला. तो दिवस काही डोळ्यांसमोरून जात नाही, असं तो सांगत होता. मशीन चालू होतं तरी त्याला ऐकू गेलं होतं.

“काका थांब म्हणून ओरडले ना, तेव्हाच मी उठलो. पण तोवर झालं होतं.”

सिस्टरनी गॅस बंद केला. तो काय म्हणाला ते त्यांनी पुन्हा विचारलं. शिंप्याला वाटलं, भांड्यांच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. त्यानं मोठ्यानं सांगितलं. थांब.

तो गेल्यावर त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग एकेक गोष्ट त्यांच्यापुढे येऊन उभी राहायला लागली. हल्ली मिस्त्री दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाहीत, उठून जवळ येतात. बेल वाजली की तेच आधी उठतात. बोलताना समोर येऊन बोलतात. सिस्टरना वाटत होतं, म्हातारपणी नवऱ्याला बायकोची माया दाटून आली.

त्या खोलीत गेल्या. मिस्त्री जागे होते.

“अहो, तुम्ही थांब म्हणाला होतात.”

मिस्त्री छताकडे बघत राहिले. एक बोल्ट आतल्या बाजूला जास्त आलेला दिसला, म्हणून हात घातला, एवढं ते म्हणाले.

“थांब म्हणाला होतात की नाही?”

“तुला जे ऐकू आलं तेच मी म्हणालो,” मिस्त्री म्हणाले. “आता हा विषय नको.”

सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांना रडू आलं नाही. बँडेज बदलायची वेळ झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ते स्वतः बदललं, रोज घरी येणाऱ्या नर्सला बोलावू दिलं नाही.

त्याच आठवड्यात त्या कान तपासायला गेल्या. काचेच्या खोलीत बसवून तिथल्या बाईंनी त्यांच्या हातात एक बटण दिलं आणि आवाज आला की दाबा, असं सांगितलं. आवाज आला. पुन्हा आला. अंगठा बटणावर होता, पण तो खाली जाईना. बाहेरच्या बाईंना वाटलं, पेशंट ठार बहिरा आहे. शेवटी सोबत आलेल्या मिस्त्रींनी दार ढकलून सांगितलं, की बटण नको, त्यांना नुसतं बोट वर करू द्या.

डावा कान निम्म्याहून जास्त गेला होता, उजवा त्याच वाटेवर होता. कानाचं यंत्र मिळालं. पहिले काही दिवस नळाच्या पाण्यानंसुद्धा त्या दचकत.

गाडी विकून टाकू, असं मिस्त्रींनी एकदा सुचवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी ओढणी कमरेला घट्ट बांधली, बॅटरी दोन्ही वायरी काढून उचलली आणि घरात नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली. मग बॉनेट उघडलं.

मिस्त्री स्टूल घेऊन बाजूला बसले. त्यांनी सांगायचं आणि सिस्टरनी करायचं, असं सुरू झालं. वाकलेला पत्रा सिस्टरनी हातोडीनं हळूहळू सरळ केला. पुढे आलेला बोल्ट काढून आखूड घातला. पाना दोनदा निसटला आणि बोटाचं सालटं निघालं, तरी मिस्त्री जागचे उठले नाहीत. उठावंसं वाटत होतं, ते त्यांच्या गुडघ्यांवरून दिसत होतं.

“आता पट्टा धरून पंखा फिरव.”

सिस्टरनी पंखा हातानं फिरवला.

“सुटा आहे. झालं,” मिस्त्री म्हणाले.

“नाही. घासतोय.”

“मला तर काही येत नाही ऐकू.”

“घासतोय,” सिस्टर म्हणाल्या. “खाली, डावीकडे.”

सवयीनं मिस्त्रींचा उजवा हात पात्यांकडे गेला आणि मध्येच थांबला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. मग सिस्टरनी बांगडी कोपराकडे सरकवली, पंखा आणि पत्र्याच्या मधल्या फटीत स्वतःचा हात घातला आणि डोळे मिटून कड चाचपायला लागल्या.