मोज्यातली पेन्सिल

मी एक जुनी सूटकेस आहे आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकिगत सांगायला लागल्या की आधी एक उसासा टाकतात, हे तुम्ही वाचले असेल. मला उसासे जमत नाहीत. माझा खटका एकदा अडकला की अडकतो, माझ्या रागाचेही तसेच आहे.

एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. माझा कारागीर बुटका आणि भलताच हट्टी होता. त्याने मला जाड तपकिरी चामडे लावले, कोपऱ्यांवर पितळी टोप्या बसवल्या आणि माझी मूठ दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवली. "ही जगभर हिंडेल बघा," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. गिऱ्हाईक म्हणजे एक मावशी होती. भाचीच्या लग्नात द्यायला तिने मला घेतले. भाची लेखिका आणि तिचा नवराही लेखक. मला त्यांच्या हाती देताना मावशी म्हणाली, "दोघंही कागदात डोकं खुपसून बसलेले असता. हिला घेऊन वर्षातून एकदा तरी बाहेर पडा गं!" मला वाटले, नशीब काढले मी.

कसले नशीब! ती रहस्यकथा लिहायची, वर्षाला चार. तो वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहायचा, आणि शिवाय एका साप्ताहिकात घरगुती सदर. दोघांची टेबले एकमेकांना चिकटलेली होती. त्या घरात कुणी शिंकले तरी ते आठवड्याभरात कुठेतरी छापून येई. मावशीचे घोरणे एका कादंबरीत खुनाचा पुरावा म्हणून आले, तेव्हा मावशीने महिनाभर फोन उचलला नव्हता. भाचीही काही साळसूद नव्हती, हे तुम्हाला कळावे म्हणून सांगते. नवरा-बायको एकमेकांशी बोलतानाही कान टवकारून असत. यातले कुठले वाक्य उद्या कामाला येईल, तेवढेच पाहत.

पहिल्या सुट्टीला ते आठ दिवस समुद्रावर जाणार होते. माझ्या मुठीला त्या गावाचे लेबल बांधले. कपडे, टोप्या, टॉवेल आणि दोघांची झाडून सारी पेने माझ्यात कोंबली. झाकण लागेना, तेव्हा ती माझ्यावर बसली आणि त्याने खटका दाबला. गॅस बंद केला, दूध बंद केले, खिडक्या लावल्या, पायांत बूट चढवले. दाराला कुलूप लावणार, एवढ्यात आत फोन वाजला. एक म्हातारे गायक वारले होते. कचेरीला दीड तासात शंभर ओळी हव्या होत्या.

तो माझा खटका उघडायला लागला. खटका हलला नाही. खोटे कशाला बोलू, मी मुद्दाम काही केले नव्हते. तिचे वजन पडून तो वाकला होता. शेवटी त्याने उभ्याउभ्या फोनवर सगळा लेख सांगितला आणि तोवर गाडी निघून गेली.

"चल, आत जाऊ," तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "आत गेलो की सुट्टी संपली. बस इथेच."

दोघे दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, बूट न काढता माझ्यावर बसले. प्रवासाचा डबा उघडला. पाव, उकडलेली अंडी, काकड्या, संत्री. मीठ विसरले होते. खालच्या मजल्यावर घड्याळे दुरुस्त करणारे एक काका राहत. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. ते जिना चढून आले, यांची गंमत पाहिली आणि खाली जाऊन मीठ घेऊन आले. बारीक स्क्रू ठेवायची पत्र्याची डबी होती ती. एक स्क्रू अंड्यात निघाला.

"अहो लेखिकाबाई, चावून खा," काका म्हणाले. "त्याच्याशिवाय एका गृहस्थांचं घड्याळ चालायचं नाही."

त्या दिवशी दोघे संध्याकाळपर्यंत तिथेच बसले होते. पेने माझ्या पोटात आणि ते माझ्यावर, त्यामुळे लिहिणे शक्यच नव्हते. आणि मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचे खरे बोलणे ऐकले. ते निराळेच होते. वाक्ये अर्धवट राहत होती. ती लहानपणीची एक लाजिरवाणी गोष्ट बोलली. तो वडिलांबद्दल बोलला आणि मध्येच थांबला, आणि तिने "मग?" असे विचारले नाही.

दुसऱ्या वर्षी निघण्याच्या वेळेला छापखान्यातला माणूस तिची प्रुफे घेऊन आला. पानांची सरमिसळ झालेली. खुनी बाराव्या पानावर पकडला जात होता आणि खून चाळिसाव्या पानावर होत होता. जिन्याच्या एकेका पायरीवर चार-चार पाने मांडून त्या दोघांनी, छापखानेवाल्याने आणि घड्याळकाकांनी ती कादंबरी सरळ केली. गाडी अर्थातच गेली. पुन्हा डबा, पुन्हा मी, पुन्हा काकांचे मीठ.

तिसऱ्या वर्षी त्यांनी तिकीटच काढले नाही! मला मात्र पूर्ण भरले. टोप्या, टॉवेल, सगळे. पेने सगळ्यात तळाशी. गॅस बंद केला, बूट घातले, दार लावले आणि दारातच बसकण मारली. मीठ ती मुद्दाम घरी ठेवू लागली आणि काका न बोलावता डबी घेऊन येऊ लागले. अशी चौदा वर्षे! माझ्या अंगाचा तिळपापड होत असे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस माळ्यावर, मोडक्या पंख्याच्या पात्यांशेजारी, अंगावर झुरळे, आणि एक दिवस खाली काढायचे तर बाकडे म्हणून! खुंटीवरची पिशवीसुद्धा रोज बाजारापर्यंत जाऊन येत होती.

पण माळ्यावर विचार करायला वेळ पुष्कळ असतो. हळूहळू माझ्या ध्यानात आले की ते प्रवासाला जात नाहीत हे खरे, पण या एका दिवशी जिथे जातात तिथे एरवी त्यांना जाता येत नाही. त्या दिवशी बोललेले कुठेही छापून येत नव्हते. तसा नियम कुणी केला नव्हता. पेने माझ्यात होती, एवढेच. मग मी कुरकुर थांबवली. खटका घट्ट धरायचा, हे माझे काम आहे असे मी ठरवले.

चौदाव्या वर्षी ती माझ्यावर बसून संत्रे सोलत होती. सोलता सोलता थांबली आणि एक गोष्ट बोलली. तिच्या लिहिण्याबद्दलची एक भीती होती. ती तिने कुणालाच सांगितली नव्हती, आईलाही नाही. तिचे शब्द मी तुम्हाला सांगणार नाही. बोलताना संत्रे तिच्या हातात दाबले गेले आणि रस माझ्या झाकणावर ठिबकला. तो डाग अजून आहे.

तो तिच्या शेजारी बसून मान हलवत होता. थोड्या वेळाने ती हात धुवायला आत गेली. तेव्हा तो वाकला. मला वाटले, बुटाची नाडी बांधतोय. त्याने मोज्यातून पेन्सिलीचा तुकडा काढला, बोटाएवढा. संत्री ज्या कागदात गुंडाळली होती तो कागद माझ्या झाकणावर ठेवला आणि लिहायला लागला. माझ्या कातड्यावर मला एकेक अक्षर टोचत होते. मी काय करू शकत होते? माझा खटका पेने अडवतो, मोजे नाही.

दोन आठवड्यांनी ते साप्ताहिकात आले. जिना, बूट, मीठ, स्क्रू, मी. आणि ती जे बोलली ते, शब्दन् शब्द. लोकांना फार आवडले म्हणे. पोत्याने पत्रे आली. अनोळखी बायका तिला धीर देत होत्या. प्रकाशकांनी फोन करून हळुवार आवाजात सांगितले, "बाई, या वर्षी थोडी विश्रांती घ्या. पुढचं पुस्तक नंतर बघू." माळ्यावर मला सगळे ऐकू येत होते.

"तुझ्याबद्दल किती छान लिहिलंय मी!" तो म्हणाला. "वाचलंस का नीट?"

"वाचलं," ती म्हणाली. "छानच आहे. मेलेल्या माणसांबद्दल लिहितोस ना, अगदी तसं."

त्याला ते लागले. लागायलाच हवे होते! पण त्याने माफी मागितली नाही. सदर द्यायचे होते, काही सुचत नव्हते, आणि तूही मावशीला सोडलं नव्हतंस, असे काहीबाही बोलत राहिला. मावशीबद्दलचे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण मावशी माझ्यावर बसून घोरली नव्हती. बायकोने स्वतःचे टेबल ओढत स्वयंपाकघरात नेले आणि दार लावून घेतले. वर्षभर दोघांत दूध, गॅस आणि पाण्याची टाकी याखेरीज बोलणे झाले नाही.

पुढच्या सुट्टीला त्यानेच मला खाली काढले. आणि काय आश्चर्य, मला पॉलिश केले! पंधरा वर्षांत पहिल्यांदा! मी भाबडी, मला वाटले, याला उपरती झाली. टोप्या भरल्या, टॉवेल भरले, डबाही त्यानेच केला. ती प्रकाशकांकडे गेली होती. ती जिना चढून वर आली तेव्हा दारात दोन मोठे दिवे लावलेले होते आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस मला कुठे ठेवावे ते बघत होता. साप्ताहिकाला सुट्टीचा दुसरा लेख हवा होता, या वेळी फोटोंसकट. घड्याळकाकांना वर बोलावून घेतले होते.

"काका, डबी जरा पुढे धरा," फोटोवाला म्हणाला. "आणि थोडं हसा."

काकांनी डबी खिशात टाकली. "फोटो काढायचा असेल तर दुकानात या. तिथं घड्याळं आहेत, ती हसतील," असे म्हणून ते खाली गेले आणि त्यांनी दार धाडकन लावले. शाब्बास काका!

तिने दिव्यांच्या मधून वाट काढली, एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हातात मला उचलले आणि जिना उतरू लागली. मित्रांनो, मी पहिल्यांदा तो जिना उतरले.

स्टेशनवर तिने एकच तिकीट काढले. फलाटावर मला आडवे ठेवून ती माझ्यावर बसली आणि डबा उघडला. अंडे तसेच अळणी खाल्ले. तेवढ्यात तो धापा टाकत आला. हातात पत्र्याची डबी.

"काकांनी दिली," तो म्हणाला. "फोटोवाल्याला घालवून दिलं मी."

"पेन?"

त्याने शर्टाचा खिसा दाखवला. पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. रिकामे.

"बूट काढ."

"अगं, इथे? लोक बघतायत."

"माझं लोकांनी वाचलं. तुझे मोजे बघू देत."

त्याने बूट काढला, मोजा काढला. पेन्सिल खाली पडली आणि घरंगळत माझ्यापाशी आली. तो पेन्सिलीकडे बघतच राहिला. खोटे बोलायला आलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, आणि तो तसा नव्हता. ती मोज्यात आहे हे त्याच्या लक्षातही नव्हते, इतकी ती त्याच्या अंगवळणी पडली होती. मला तर त्याचाच जास्त राग आला.

तिने पेन्सिल उचलली, मला उघडले, आत टाकली आणि खटका दाबला. गाडी फलाटाला लागली.

"मी पत्र लिहितो तुला," तो घाईघाईने म्हणाला. "सगळं नीट लिहितो."

"एक ओळ लिहू नकोस," ती म्हणाली. "बोलता येतं का बघ."

मग मी गाडीत चढले आणि तो एका पायात बूट घालून फलाटावर राहिला.

समुद्र मला आवडला नाही. मीठ म्हणाल तर हवे तेवढे, आणि डबी घेऊन येणारे कुणी नाही. ती रोज वाळूत मला घेऊन जायची आणि माझ्यावर बसून राहायची. चौदा वर्षे आत घडी घालून ठेवलेली टोपी तिने घातली, तर ती कपाळाला आवळत होती. पेन्सिलीला तिने हात लावला नाही.

आठव्या दिवशी आम्ही परत आलो. तो दाराबाहेर जिन्यात बसला होता, जमिनीवर, बूट घालून. शेजारी डबा. साप्ताहिकाचे सदर त्याने सोडून दिले होते. हे त्याने सांगितले नाही, घड्याळकाकांनी खालूनच ओरडून सांगितले. तिने मला खाली ठेवले, पण ती माझ्यावर बसली नाही. वरच्या पायरीवर बसली. मी दोघांच्या मध्ये होते.

आणि मग तो बोलला. अडखळत, चुकत, एकच वाक्य तीनतीनदा सुरू करत. इतके वाईट बोलताना मी त्याला कधी ऐकले नव्हते. छापायच्या लायकीचे त्यात काहीच नव्हते. तो काय बोलला हे तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगते: सांगणार नाही.

तिने ऐकून घेतले. काका डबी घेऊन आले तेव्हा तिने अंड्याला मीठ लावले आणि खाल्ले. पण स्वतःबद्दल ती काहीच बोलली नाही. या वर्षीही बोलली नाही. पुढच्या वर्षी बोलेल की नाही, मला माहीत नाही. पूर्वी ती भीती बोलून दाखवायला तिला चौदा वर्षे लागली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आमची निगा राखा. माझे काही म्हणणे नाही. पॉलिशचे लाड तर अजिबात नकोत, त्या वासाने मला अजून मळमळते. मात्र कुणी तुमच्या शेजारी बसून संत्रे सोलता सोलता थांबले आणि काही बोलले, तर ते तिथेच राहू द्या. ते कितीही छान असले तरी. छान असले तर जास्तच.

ती पेन्सिल अजून माझ्या तळाशी आहे. मागच्या आठवड्यात तो माळ्यावर चढला होता, काहीतरी शोधायला. त्याचा हात माझ्या खटक्यावर आला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग त्याने तो स्वतःच काढून घेतला. नसता काढला, तरी मी उघडणार नव्हते.